पोत्यातले वीस ग्रॅम: युरियात मिसळायची रसायनं आणि आपला ठाणे-बेलापूर पट्टा

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. रबाळे ते तुर्भे या पट्ट्यातल्या एका मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्यात मी उत्पादन बघतो. राहायला ऐरोलीला.

मागच्या रविवारी शहापूरहून मावसभाऊ आला होता. त्याने विचारलं, "तुझ्या कंपनीत नक्की बनतं तरी काय?" मी म्हटलं, "युरियात मिसळायचं रसायन." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्हणजे भेसळ?"

मला ते लागलं. त्याची काहीच चूक नव्हती. खतात 'काहीतरी मिसळलेलं' याचा शेतकऱ्याने आजवर घेतलेला अनुभव तोच आहे. म्हणून आधी त्याला समजावलं ते नीट लिहून काढतो.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. पण युरिया हा युरिया म्हणून पिकाच्या फारसा कामाचा नाही. मातीत युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते युरियाचे तुकडे करून अमोनियम बनवतं. हे काम ते फार घाईने करतं. उबदार, ओलसर जमिनीवर युरिया फेकून ठेवला की दोन-तीन दिवसांत बराचसा फुटतो. फुटताना दाण्याभोवतीची माती अल्कधर्मी होते आणि अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडून जातो. किती उडेल हे ऊन, वारा, पाऊस आणि जमीन यांवर अवलंबून. खत टाकल्या टाकल्या चांगला पाऊस झाला तर अगदी थोडं, नाही झाला तर मोठा वाटा.

आम्ही बनवतो तो पदार्थ या विकराला काही दिवस थोपवून धरतो. नाव लांबलचक आहे: एन-ब्यूटाइल थायोफॉस्फोरिक ट्रायअमाइड. कारखान्यात सगळे एनबीपीटी म्हणतात. साधारण आठवडा-दोन आठवडे तो युरियाला अख्खा ठेवतो. तेवढ्यात एखादी सर येते, युरिया विरघळून मुळांपाशी उतरतो आणि मग फुटला तरी मातीतच राहतो. जगभरच्या चाचण्यांची सरासरी धरली तर अमोनियाचं नुकसान जवळपास निम्म्यावर येतं.

आता प्रमाण बघा. युरोपच्या नियमाप्रमाणे युरियातल्या नत्राच्या ०.०९ ते ०.२० टक्के एवढंच हे रसायन लागतं. आपल्याकडच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असतं. म्हणजे पोत्यामागे १९ ते ४१ ग्रॅम. चहाच्या चमच्याने मोजावं इतकं.

माझा खरा प्रश्न पुढे आहे. हे वीस ग्रॅम पोत्यात आहेत की नाहीत, आणि असले तर अजून जिवंत आहेत की गोदामात मेलेत, हे शेतकऱ्याला कसं कळणार? रंगावरून कळत नाही, वासावरून खात्रीने सांगता येत नाही. कळतं ते आमच्या प्रयोगशाळेतल्या एचपीएलसी यंत्राला, जे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजतं. पंचवीस वर्षं या पट्ट्यात काढली, आणि हा प्रश्न मला आता भाऊ 'भेसळ' म्हणाला तेव्हा पहिल्यांदा पडला. याची मला खंत आहे.

जाणकारांनी लिहावं. कारखान्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. कंपनीचं नाव आणि गुपितं सोडून सगळं सांगेन.

---

खैरण्याची_खिडकी

धागा आवडला, पण माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी कोपरखैरण्याला सहाव्या मजल्यावर राहते. रात्री दोन-अडीचला कधीकधी असा वास येतो की झोपेतून उठून खिडक्या लावाव्या लागतात. कधी सडक्या अंड्यांसारखा, कधी मासळी बाजारासारखा. मुलाला दम्याचा त्रास आहे. तक्रार केली की 'आमच्याकडून नाही' हेच उत्तर मिळतं, मग कुणाकडूनही करा.

तुम्ही म्हणता हे रसायन शेतातला अमोनिया वाचवतं. चांगलंच आहे. पण ते बनताना आमच्या हवेत काय सोडतं? तुम्ही 'तिसरी पाळी' असं नाव घेतलंय म्हणून विचारते, कारण वास तिसऱ्या पाळीतच येतात.

---

मुरबाडकर

शेतकरी आहे, भाताचा. तीन एकर. युरियाला आमच्याकडे पर्याय नाही हे आधी सांगतो. २६६ रुपये ५० पैशाला पोतं मिळतं, त्या पैशात दुसरं काय येतं?

२०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाचाच येतो. मग हे तुमचं नवं औषध आणि कडुनिंब यांत फरक काय? एकच काम दोघं करत असतील तर आणखी एक रसायन कशाला?

---

मृदाकण

मुरबाडकर दादा, फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मी माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते.

युरियाचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा युरिया ते अमोनियम, हे युरिएज करतं. दुसरा टप्पा अमोनियम ते नायट्रेट, हे मातीतले जिवाणू करतात. पहिल्यात नत्र वायू होऊन वर उडतं. दुसऱ्यानंतर नायट्रेट पाण्याबरोबर खाली वाहून जातं, किंवा भातखाचरासारख्या हवा नसलेल्या चिखलात त्याचा नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड होऊन जातो.

कडुनिंबाच्या तेलातले घटक मुख्यतः दुसऱ्या टप्प्यातल्या जिवाणूंना आवर घालतात. एनबीपीटी पहिल्या टप्प्याला. एनबीपीटी पुढचं दार लावतो, कडुनिंब मागचं. दुसऱ्या टप्प्यासाठी परदेशात डीसीडी, डीएमपीपी, नायट्रापायरिन अशी कृत्रिम रसायनंही वापरतात.

आणखी एक गंमत, म्हणजे मला तरी ती फार सुंदर वाटते. एनबीपीटी जसा कारखान्यातून येतो तसा विकराला फार अडवत नाही. मातीत त्याच्यातला गंधकाचा अणू जाऊन तिथे ऑक्सिजन बसतो, आणि ते जे नवं रूप तयार होतं ते युरिएजच्या मध्यभागी असलेल्या निकेलच्या अणूंना जाऊन बिलगतं. मग युरियाला तिथे जागाच उरत नाही.

हेच युरिएज जेम्स समनर यांनी १९२६ साली पहिल्यांदा स्फटिकरूपात मिळवलं. आपल्या अबईच्या कुळातल्या शेंगेच्या दाण्यातून. विकर म्हणजे प्रथिन असतं हे त्यावरून ठरलं आणि १९४६ साली त्यांना नोबेल मिळालं. मुरबाडकडे कुंपणावर अबई दिसली की मला हे आठवतंच.

---

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

मृदाकण ताई, पुढचं दार-मागचं दार हे भावाला सांगायला घेतो. आभार.

खैरण्याची_खिडकी, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो, थोडं लांबेल.

कच्चा माल तीन प्रकारचा. फॉस्फरस, गंधक आणि क्लोरीन असलेला थायोफॉस्फोरिल क्लोराइड नावाचा द्रव, ब्यूटाइल अमाइन आणि अमोनिया. काचेचं अस्तर असलेल्या रिॲक्टरमध्ये सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) घेऊन आधी तो द्रव थंड करतात. मग त्यात ब्यूटाइल अमाइन थेंबाथेंबाने सोडतात. सोबत आम्ल शोषायला ट्रायइथाइल अमाइनसारखा दुसरा अमाइन असतो. द्रवाच्या रेणूवर तीन क्लोरीन असतात. त्यातला पहिला इथे निघतो. हा टप्पा चांगलाच तापतो, म्हणून ऑपरेटर तासन् तास तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून उभा असतो. नंतर अमोनिया वायू सोडला की उरलेले दोन क्लोरीन जातात. मग क्षार गाळायचे, उरलेला अमोनिया आणि सॉल्व्हंट व्हॅक्यूमखाली काढायचा, आणि खाली मेणासारखा पांढरट पदार्थ राहतो. तो ६० अंशांच्या आतच वितळतो, त्यामुळे सुकवतानाही हात राखून.

आता वास. मासळीसारखा वास अमाइनचा. सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. थायोफॉस्फोरिल क्लोराइडला पाणी लागलं की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही निघतात. हा द्रव पाण्यापेक्षा दीडपटीहून जड आहे. पाण्यात सांडला तर तळाशी जाऊन बसतो, थंड असेपर्यंत गप्प राहतो आणि मग एकदम उसळतो. म्हणून आमच्याकडे रिॲक्टरच्या जॅकेटमध्ये (बाहेरच्या थंड करायच्या आवरणात) पाणी किंवा ब्राइन (खारं पाणी) फिरवत नाहीत, तेल फिरवतात. काचेला तडा गेला तरी पाणी आत जायला नको.

हे सगळे वायू स्क्रबरमध्ये, म्हणजे वायू धुणाऱ्या यंत्रात, जायला हवेत. आम्लासाठी कॉस्टिक सोड्याचा आणि अमोनिया-अमाइनसाठी आम्लाचा असे दोन वेगळे स्क्रबर लागतात. एकातच भागवलं तर दोन्हीपैकी एक वायू निसटतोच. स्क्रबरमधलं कॉस्टिक संपत आलं की बदलावं लागतं, त्याला पैसे आणि वेळ लागतो. मी तरुण असताना ज्या कारखान्यात होतो तिथे रात्री पंप बंद ठेवलेला मी स्वतः पाहिलाय. विचारलं तेव्हा 'बॅच निघू दे' असं उत्तर मिळालं. मी गप्प बसलो. ती नोकरी सहा महिन्यांत सोडली, पण त्या सहा महिन्यांत गप्प होतो हेही खरं आहे. तुमच्या मुलाच्या दम्याबद्दल वाचून ते आठवलं.

तुम्हाला करता येईल असं: वास आला की वेळ, वाऱ्याची दिशा आणि वासाचा प्रकार, अंडी की मासळी, हे लिहून ठेवा. 'रासायनिक वास' अशी तक्रार कुठेही जिरते. 'पहाटे २:१०, ईशान्येचा वारा, अमाइनचा वास' अशी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला मोजक्या दोन-तीन गेटांपर्यंत नेते.

---

खैरण्याची_खिडकी

इतकं सरळ उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. वही सुरू केली. आणि पाण्याचं काय? जे क्षार गाळता म्हणालात ते जातात कुठे?

---

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

हा आमचा सगळ्यात अवघड भाग. हिशोब मांडतो. एका रेणूमागे तीन क्लोरीन बाहेर पडतात. ते सगळे अमोनियम क्लोराइड म्हणून धरले तर १६७ ग्रॅम मालामागे १६० ग्रॅम मीठ. म्हणजे किलोला जवळजवळ किलो. अमोनियम क्लोराइड स्वतः खत आहे, २५ टक्के नत्राचं. पण आमच्या क्षारात अमाइन आणि सॉल्व्हंटचे अंश राहतात, ते साफ केल्याशिवाय कुणाच्या शेतात जाता कामा नयेत. ट्रायइथाइल अमाइन कॉस्टिक घालून परत मिळवतात, ते महाग असल्यामुळे सगळेच मिळवतात. राहिलेलं खारं पाणी बाष्पीभवन यंत्रात आटवायचं आणि मीठ तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवायचं. आटवायला वाफ लागते, वाफेला इंधन. मोह होतो तो इथेच.

सांडपाण्यात अमोनियाचं नत्र लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आमच्या पट्ट्याचं पाणी पुढे ठाण्याच्या खाडीत जातं, जिथे फ्लेमिंगो येतात. २०२२ पासून ती खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. शेतातून वाचवलेलं नत्र आम्ही खाडीत ओतलं तर काय मिळवलं?

तरी दुसऱ्या बाजूचा हिशोबही सांगतो, कारण मी हे काम मनापासून करतो. एक किलो एनबीपीटी दीड टन युरियाला पुरतो असं धरा. त्यात ६९० किलो नत्र. त्यातलं २० टक्के उडणार होतं असं धरलं तर १३८ किलो. निम्मं वाचलं तर ६९ किलो. एक किलो क्षारापुढे ६९ किलो नत्र. क्षार नीट हाताळला तर हा सौदा फार चांगला आहे. सगळं त्या 'नीट'वर आहे.

---

जुना_ऑपरेटर

मी युरियाच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, आता नेरुळला निवृत्त आयुष्य. धाग्यात एक बाजू राहून जातेय म्हणून लिहितो. 'युरियात मिसळायचं रसायन' म्हटलं की सगळे या नव्या अवरोधकांबद्दल, म्हणजे विकराला किंवा जिवाणूंना अडवणाऱ्या रसायनांबद्दल, बोलतात. त्याच्या आधीपासून युरियात फॉर्मल्डिहाइड जातं ते लोकांना माहीत नसतं.

युरिया १३३ अंशांना वितळतो. वितळलेला युरिया उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून झाऱ्यासारखा सोडतात, खालून हवा येते, पडता पडता दाणा बनतो. हा दाणा ठिसूळ. रेल्वेच्या वाघिणीत, गोदामात थप्पीला लागला की चुरा होतो आणि चुऱ्याचा गठ्ठा. त्यातून युरिया ओल ओढणारा. ३० अंशांना हवेतली आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांच्या वर गेली की तो पाणी प्यायला लागतो. जुलैत नवी मुंबईत त्याहून खाली आर्द्रता असते कधी?

म्हणून वितळलेल्या युरियात दाणे पाडायच्या आधी युरिया-फॉर्मल्डिहाइडचं दाट द्रावण घालतात. बाजारातलं नाव यूएफसी-८५. ६० टक्के फॉर्मल्डिहाइड, २५ टक्के युरिया, १५ टक्के पाणी. ते कसं बनतं तर मेथॅनॉलची वाफ हवेबरोबर लोह-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून नेतात, फॉर्मल्डिहाइड वायू होतो आणि तो युरियाच्या द्रावणात शोषून घेतात. साध्या फॉर्मलिनपेक्षा (फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यापेक्षा) हे द्रावण साठवायला बरं, तळाशी पांढरा गाळ धरत नाही. मोठ्या दाण्याच्या युरियात फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्याने दाणा कडक होतो.

फॉर्मल्डिहाइडने कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ठामपणे जाहीर केलं. दाण्यात ते युरियाशी बांधलं गेलेलं असतं, शेतकऱ्याने घाबरू नये. पण जिथे टँकर रिकामा करतात तिथल्या कामगाराचे डोळे मी पाहिलेत. रबरी नळी जोडताना मास्क काढून वास घेणारे हुशार माझ्या हाताखाली होते. त्यांना ओरडत राहिलो, आणि आज वाटतं की अजून ओरडायला हवं होतं.

दुसरं म्हणजे बाययुरेट. युरिया वितळलेला जास्त वेळ ठेवला की दोन रेणू जुळून ते तयार होतं. पिकाला बाधतं, विशेषतः पानावर फवारताना. आपल्या खत नियंत्रण आदेशात दीड टक्क्याची मर्यादा आहे. ते मिसळायचं नसतं, ते हलगर्जीपणाने होतं.

---

कळंबोली_स्टँड

मध्येच विचारतो, माझ्या दोन गाड्या आहेत, बीएस-सहा. धूर स्वच्छ करायला डीईएफ नावाचं द्रव लागतं. एक जण म्हणाला शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून घाल, एवढा खर्च कशाला. चालेल का?

---

जुना_ऑपरेटर

अजिबात नको. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध पाणी. शेतीच्या युरियात मी वर लिहिलेलं फॉर्मल्डिहाइड, बाययुरेट आणि वर कडुनिंबाचं तेल असतं. ते गाडीच्या धूर साफ करणाऱ्या उत्प्रेरकावर बसलं की लाखभराचा भाग गेला. आणि अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं गुन्हा आहे. तो मुरबाडकरांच्या शेतातून काढून घेतल्यासारखंच आहे.

---

कळंबोली_स्टँड

समजलं काका. नाही करणार.

---

मुरबाडकर

वाचतोय सगळं. कडुनिंबाचं तेल किती घालतात?

---

मृदाकण

दादा, नियमाप्रमाणे बेंझीनमध्ये विरघळणारा भाग किमान ०.०३५ टक्के हवा. तुमच्या पोत्यात सुमारे १६ ग्रॅम. तेही प्रयोगशाळेतच तपासता येतं. म्हणजे धागाकर्त्यांचा प्रश्न कडुनिंबालाही तसाच लागू आहे.

एक काळजीची गोष्टही नोंदवते. कृत्रिम अवरोधक सरसकट निरुपद्रवी असं मी म्हणणार नाही. न्यूझीलंडमध्ये कुरणांवर डीसीडी वापरायचे. दुधात त्याचे अंश सापडले. आरोग्याला धोका नाही असं सांगितलं गेलं, तरी जानेवारी २०१३ मध्ये ते विक्रीतून काढून घेतलं. दुसरीकडे जर्मनीने २०२० पासून नियम केला की युरियात युरिएज अवरोधक तरी हवा किंवा टाकल्यावर चार तासांत तो मातीत मिसळला तरी पाहिजे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रसायन वापरायचं तर अंश तपासणारी यंत्रणा आधी हवी.

जर्मनीचा नियम नीट वाचा मात्र. 'किंवा मातीत मिसळा'. त्यावर मुरबाडकर दादांकडे सांगण्यासारखं असेल असं वाटतं.

---

मुरबाडकर

आहे ना. आमच्याकडे चारसूत्री भातलागवड बरीच वर्षं काही जण करतात. डॉ. सावंतांनी कोकणच्या भातासाठी बसवलेली पद्धत. भाताच्या तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला, मोजून अंतरावर लावणी, आणि चौथं सूत्र म्हणजे युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांची गोळी. युरिया ६०, डीएपी ४० भाग, दाबून केलेली २.७ ग्रॅमची ब्रिकेट. चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधे एक, तीन-चार इंच खोल चिखलात खोचायची. लावणीच्या दिवशीच. पुन्हा खत द्यायला नको.

मी चार वर्षं केलं. भात चांगला येतो, युरिया कमी लागतो, खाचरातलं पाणी शेवाळाने हिरवं होत नाही. मग का सोडलं? माणसं. एकरी हजारो गोळ्या वाकून खोचायच्या. आता लावणीलाच माणूस मिळत नाही. पोरं भिवंडीच्या गोदामात जातात. मग पोतं फोडतो आणि फेकतो. माहीत असूनही फेकतो.

म्हणून विचारत होतो. माणूस जे खोल पुरून करतो ते तुमचे वीस ग्रॅम फेकलेल्या दाण्यात करत असतील तर मला हवेत. पण आहेत की नाहीत हे मला कसं कळणार? तुम्हीच विचारलंत आणि तुम्हीच उत्तर दिलं नाहीत.

---

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

मुरबाडकर, बरोबर पकडलंत. चार दिवस याच विचारात होतो. त्याआधी वीस ग्रॅम मरतात कसे ते सांगतो, कारण ते तुमच्या हातात आहे.

या पदार्थाचे तीन शत्रू: ओल, उष्णता, आम्ल. कारखान्यात पावसाळ्यात आम्ही ड्रमच्या तोंडाशी कोरडा नायट्रोजन सोडतो आणि मगच झाकण लावतो. एका जुलैत नायट्रोजनचा सिलेंडर संपला, बदली यायला दोन दिवस लागले, तोवर माल भरत राहिलो. दोन महिन्यांनी ड्रम उघडले तर वास बदललेला आणि शुद्धता इतकी खाली की सगळी बॅच परत आली. ती सही माझी होती.

शेतावर आम्ल म्हणजे सुपर फॉस्फेट. बांधावर युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र कालवून ठेवायची सवय आहे. तसाही तो काला चिकट होतो. पण एनबीपीटीचा लेप असलेला युरिया त्यात घातला तर लेप लवकर तुटतो. वेगवेगळं टाका.

आता परीक्षा. लहानपणी आई हळदीच्या डागावर साबण लावायची आणि डाग लाल व्हायचा. अमोनियाही अल्कधर्मी. गाळणीच्या कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सुकवल्या. तीन काचेच्या बरण्या घेतल्या, प्रत्येकीत शहापूरहून आणलेली शेतातली माती, ओलसर, चिखल नाही. पहिलीत प्रयोगशाळेतला साधा युरिया, दुसरीत बाजारातला कडुनिंबाचा, तिसरीत आमच्या निर्यातीच्या नमुन्यातला लेप दिलेला. वरिष्ठांना विचारून आणला. तिन्हीत सारखा, एक सपाट चमचा, मातीवर पसरून. झाकणाच्या आतून ओली केलेली हळदीची पट्टी चिकटवली. मातीला ती लागता कामा नये.

दुसऱ्या रात्री पहिल्या पट्टीच्या कडा तांबूस झाल्या. तिसऱ्या दिवशी पूर्ण विटकरी. कडुनिंबाची एखाद दिवस मागे, पण तीही लाल झाली. मृदाकण ताईंनी सांगितलं तसंच, ते मागचं दार आहे, पुढचं नव्हे. तिसरी बरणी आज नवव्या दिवशी पिवळी आहे, एका कोपऱ्यात किंचित छटा.

हे मोजमाप नाही. किती टक्के आहे हे यातून कळणार नाही. कडुनिंब आहे की नाही हेही नाही. पण 'युरिएज अवरोधक' असं लिहिलेलं पोतं घेतलं आणि तिसऱ्या दिवशी पट्टी लाल झाली, तर दुकानदारापुढे बरणी ठेवता येईल. माती शेतातलीच घ्या, कुंडीतला कोकोपीट नको, त्यात विकर पुरेसं नसलं तर सगळ्याच पट्ट्या पिवळ्या राहतील आणि फसगत होईल. म्हणून साध्या युरियाची बरणी शेजारी हवीच.

---

मृदाकण

ही साध्या युरियाची बरणी ठेवलीत हे सगळ्यात चांगलं केलंत. तुलनेशिवाय पट्टी काहीच सांगत नाही. बरण्या सावलीत आणि एकाच जागी ठेवायच्या, उन्हातली बरणी आधी लाल होणार. झाकण उघडून नाक घालू नका. मी उद्या प्रयोगशाळेत याच मातीवर आम्लात अमोनिया पकडून आकडे काढते. खैरण्याची_खिडकी, अशीच पट्टी तुमच्या खिडकीला लावून उपयोग नाही, हवेतलं प्रमाण फार कमी असतं. तुमची वहीच बरी.

---

खैरण्याची_खिडकी

वहीत चार नोंदी झाल्या. चारही मासळीच्या, चारही वेळा वारा एकाच दिशेचा. सोमवारी घेऊन जाते.

---

मुरबाडकर

बायकोच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेतल्या. माझ्याकडे लेपाचा युरिया नाही, म्हणून दोनच केल्या. दोन्हीत कडुनिंबाचाच युरिया, एकाच पोत्यातला. एका बरणीत वर फेकलेला, दुसरीत तीन इंच खाली पुरून वर माती दाबलेली.

आज पाचवा दिवस. फेकलेल्या बरणीची पट्टी चौथ्या दिवशीच कुंकवासारखी झाली. पुरलेलीची अजून हळदीसारखी पिवळी.

पोराला दाखवली. तो दोन्ही बरण्या हातात घेऊन बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, यंदा वरच्या खाचरात अर्ध्या भागात तरी गोळ्या खोचू, शनिवार-रविवार मी येतो.

तिसरी_पाळी, लेपाच्या युरियाचा मूठभर नमुना शहापूरच्या भावाकडे ठेवता येईल का? मी गुरुवारी बाजाराला तिकडे जातो. तिसरी बरणी धुवून ठेवली आहे.